आधी वाटेकरी, मग सुरी

आखाड लागला की गावोगावी एक यादी फिरते. वहीच्या मागच्या पानावर नावं, नावापुढे 'एक' किंवा 'दोन', आणि शेवटी पैसे मिळाल्याची खूण. यादी भरली की मगच बोकड ठरतो. दहा-बारा नावं झाली तर लहान, सोळा झाली तर तीस किलोचा. रविवारी उजाडता उजाडता बोकड कापला जातो, ताडपत्रीवर वाटे लागतात, आणि नऊच्या आत ताडपत्री धुऊन कुंपणावर वाळत पडलेली असते. वाट्यांचं मटण म्हणजे काय, हे ग्रामीण महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कायद्याला मात्र ही पद्धत माहीतच नाही. त्याने ती ओळखावी आणि तिच्यासाठी दोन पानांचा वेगळा नियम करावा, एवढंच इथे मांडायचं आहे.

आधी एक बाजूला ठेवू. गाय १९७६ च्या कायद्याने आणि बैल-वळू २०१५ पासून महाराष्ट्रात कापता येत नाहीत; म्हशीला सरकारी दाखला लागतो. त्यामुळे हा विषय शेळी-मेंढी, कोंबडी आणि डुक्कर यांच्यापुरता आहे. वादाचा धुरळा नेहमी पहिल्या गटावर उडतो, किंवा ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवलीत झाला तसा 'पंधरा ऑगस्टला मटणाची दुकानं बंद का' यावर. उरलेल्या ३६४ दिवसांत मटण कुठे आणि कसं कापलं जातं, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

कायदा काय म्हणतो ते बघा. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २००१ मध्ये कत्तलखान्यांचे नियम आले. त्यात महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत परवानाधारक कत्तलखान्याबाहेर जनावर कापायला मनाई आहे, आणि कत्तलखान्याची व्याख्या 'दिवसाला दहा किंवा जास्त जनावरं' अशी आहे. पशुवैद्याने तासाला बारापेक्षा आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत, असंही त्यात आहे. नियम वाईट नाही, पण तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मुंबईच्या देवनारसारखा मोठा कत्तलखाना होता. ग्रामपंचायतीच्या हद्दीत वर्षातून चार वेळा एक बोकड कापणारी वाडी त्याच्या डोळ्यांसमोर नव्हती.

दुसरा कायदा अन्नसुरक्षेचा, २००६ चा. त्याच्या १८ व्या कलमात शेतकरी आणि त्याचं पशुधन यांना हा कायदा लागू नाही असं म्हटलंय. जिवंत जनावर, ते विक्रीसाठी तयार केलेलं नसेल तोवर, 'अन्न' या व्याख्येतही बसत नाही. इथवर शेतकऱ्याच्या सोयीचं आहे. पण त्याच कायद्यात 'अन्नव्यवसाय' म्हणजे नफ्यासाठी असो वा नसो, अन्न तयार करण्याचा, साठवण्याचा किंवा वाटण्याचा कोणताही उपक्रम. म्हणजे दावणीला बांधलेला बोकड कायद्याबाहेर आणि ताडपत्रीवरचे सोळा वाटे, एक रुपयाही न मिळवता, कायद्याच्या आत? शब्दशः वाचलं तर तसंच होतं. २०११ च्या नियमावलीनुसार दिवसाला दहा लहान जनावरं किंवा पन्नास कोंबड्यांपर्यंत कापणाऱ्याला परवाना लागत नाही; वर्षाला शंभर रुपये भरून नोंदणी पुरते. ही पळवाट सोपी वाटते. पण नोंदणी जागेची होते आणि वाट्याला जागा नसते. आज या शेतात, पुढच्या महिन्यात त्या वस्तीवर. शिवाय मटणाच्या दुकानाला देवस्थानापासून पन्नास मीटर आणि प्रवेशद्वारासमोर असेल तर शंभर मीटर अंतर लागतं. नवसाच्या कंदुरीचा किंवा जत्रेचा बोकड देवाच्या दारातच पडतो, त्याचं काय करायचं?

कुणालाच हा कायदा मोडतोय असं वाटत नाही, कुणी कारवाईही करत नाही, मग ओरड कशाची? ओरड अशी की कारवाई होत नाही तोवर शिकवणंही होत नाही. जी गोष्ट कागदावर अस्तित्वातच नाही, तिच्याबद्दल पशुसंवर्धन खातं साधं माहितीपत्रकसुद्धा काढू शकत नाही. आणि ज्या दिवशी गावातल्या कुणाला कुणाचा काटा काढायचा असेल, त्या दिवशी हीच अस्पष्टता तक्रारीच्या कामी येते.

वाटा आणि दुकान यांतला फरक पैशात शोधायला गेलं तर चुकतं, कारण पैसे दोन्हीकडे देतात. फरक क्रमाचा आहे. दुकानात आधी जनावर कापलं जातं आणि मग गिऱ्हाईक येतं. जे उरतं ते संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी विकलं जातं. वाट्यात आधी वाटेकरी ठरतात, मग सुरी चालते. त्यामुळे उरत काही नाही. शिळं मटण खपवायचा मोह नाही, बर्फ नाही, साठवण नाही. वाटेकऱ्याने जनावर जिवंत पाहिलेलं असतं, निदान कुणाच्या दावणीचं ते त्याला माहीत असतं. उद्या पोट बिघडलं तर कुणाच्या दारात जायचं हेही माहीत असतं.

हा क्रम आपलाच शोध आहे असं नाही. अमेरिकेत मांस तपासणीचा केंद्रीय कायदा १९०६ चा. त्यातली सवलत मालकाच्या स्वतःच्या जनावरासाठी आहे, म्हणून तिथले लोक अर्धा किंवा पाव बैल जिवंतपणीच विकत घेतात आणि मालक म्हणून कापवून घेतात. व्हरमाँट राज्याने २०१३ मध्ये शेतावरच अशी कापणी करायला मर्यादित संख्येपर्यंत मुभा दिली. ब्रिटनमध्ये उलट आहे. घरी कापलेलं जनावर मालकाने आणि त्याच्या घरातल्या माणसांनीच खायचं, शेजाऱ्याला फुकटही द्यायचं नाही. आपल्याकडे कुणी नियम करायला बसलं तर ब्रिटिश नमुना उचलण्याची भीती जास्त, कारण तो कागदावर नीटनेटका दिसतो. पण हिशेब करून बघा. उस्मानाबादी जातीचा तीस किलोचा बोकड सोलून, मुंडी-खूर-आतडी काढून साधारण चौदा किलो भरतो. कलेजी, दिल, गुर्दे आणि साफ केलेली वजडी धरली तर आणखी दोनेक किलो. म्हणजे किलो-किलोचे सोळा वाटे. एका घराने सोळा किलो मटण उन्हाळ्यात, दिवसाला आठ तास वीज जाणाऱ्या वस्तीवर, कसं संपवायचं? ब्रिटनच्या शेतकऱ्याकडे मोठा डीप फ्रीझर असतो. इथे ते काम सोळा चुली करतात. वाटप बंद केलं तर त्याच नियमाने शिळं खाण्याची वेळ आणली जाईल.

आता बिघडतं कुठे ते. वाट्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे लपवू नये, कारण बिघडतं ते मोजक्याच ठिकाणी आणि दर वेळी त्याच.

पहिलं आणि सगळ्यात भयंकर म्हणजे मेलेलं किंवा मरायला टेकलेलं जनावर कापणं. 'मरायच्या आत सुरी लावली' हे वाक्य खेड्यात सहज ऐकू येतं. पंधरा हजारांचं जनावर डोळ्यांदेखत जात असतं, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे; पण फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, नेमका याच वाटेने घरात शिरतो. संध्याकाळी चरून आलेली शेळी सकाळी मेलेली, पोट तट्ट फुगलेलं, नाकातून-गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त. असं जनावर उघडायचंच नसतं. बंद शरीरात तो जंतू कुजण्याबरोबर मरत जातो. शरीर उघडून हवा लागली की त्याचे बीजाणू बनतात आणि ते मातीत कित्येक वर्षं टिकतात. कापणाऱ्याच्या हातावर आधी खाजणारी पुळी येते, मग मध्ये काळी खपली धरते, तीच काळपुळी. ओडिशातल्या कोरापुट जिल्ह्यात मेलेल्या जनावराचं मांस वाटून खाल्ल्याने ही साथ पुन्हा पुन्हा आली आहे. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याने अशी शंका कळवणं मालकावर बंधनकारक आहे. तेव्हा वाट्याच्या नियमातली पहिली ओळ अशी हवी: जनावर स्वतःच्या पायांनी कापायच्या जागी चालत आलं पाहिजे. डॉक्टरचा दाखला नंतरची गोष्ट. शेळी रवंथ करते का, नाक ओलं आहे का, शेपटीखाली हगवणीने माखलंय का, ताप १०४ च्या वर आहे का, एवढं बघायला पशुसखी, म्हणजे जनावरांची देखभाल शिकलेली गावातली बाईही पुरते. राज्य सरकारच्या उमेद अभियानात अशा बायका गावागावांत तयार झाल्या आहेत, आणि शंका आली तर पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो.

दुसरं औषधांचं, आणि याकडे कुणाचंच लक्ष नाही. लंगडणाऱ्या बोकडाला ऑक्सिटेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक टोचलं, आठवड्यात बरा झाला नाही, म्हणून 'आता कापूनच टाकू'. हे फार वेळा होतं. जनावरांच्या औषधाच्या बाटलीवर, शेवटच्या डोसनंतर मांस किती दिवस खायचं नाही ते छापणं सक्तीचं आहे. छापलेलं नसेल तर मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत, असा २०१२ पासूनचा नियम आहे. जंताच्या औषधालाही हेच. म्हणून वाट्याचं जनावर किमान तीस दिवस त्याच मालकाच्या दावणीला असलेलं हवं, आणि त्या तीस दिवसांत कोणतंही इंजेक्शन किंवा जंतनाशक दिलेलं नको. बाजारातून शनिवारी आणलेला बोकड रविवारी कापला तर त्याच्या अंगात काय आहे हे विकणाऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. याच अटीने चोरीच्या शेळ्यांचाही बऱ्यापैकी बंदोबस्त होतो. चोरलेली शेळी कुणी महिनाभर शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बांधून ठेवत नाही.

तिसरं प्रत्यक्ष कापण्यातलं. आदल्या संध्याकाळपासून चारा बंद, पाणी चालू; साधारण बारा तास. भरल्या पोटाने कापलं की कोथळा काढताना फुटतो आणि आतला हिरवा घाण लगदा पुठ्ठ्याच्या मांसावर सांडतो. मग बादलीभर विहिरीचं पाणी ओतून धड धुतात, आणि जे एका हातभर जागेत होतं ते सगळ्या धडावर पसरतं. सांडलंच तर तेवढा भाग सुरीने काढून टाकायचा, धुवायचा नाही. धड फांदीला टांगून सोलायचं, जमिनीवर नाही. आणि केसांची बाजू ज्या हाताने धरली त्या हाताने मांस धरायचं नाही, मध्ये हात धुवायचा. अन्ननलिकेला आणि गुदाला दोऱ्याची गाठ मारल्याशिवाय आतडी ओढायची नाहीत. पित्ताची पिशवी कलेजीपासून वेगळी करताना अर्धा सेंटीमीटर कलेजी तिच्याबरोबर गेली तरी चालेल. फुटली तर कडूपणा निघत नाही. एका जनावराला दोन सुऱ्या हव्यात, एक कातड्यासाठी, एक मांसासाठी. उघडल्यावर तीन गोष्टी बघायच्या. चरबी पांढरी आहे की पिवळी; शेळीची चरबी पिवळी दिसली तर कावीळ. पानथरी, म्हणजे प्लीहा, नेहमीसारखी घट्ट आहे की सुजून, काळी पडून चिखलासारखी झाली आहे; तशी असेल तर सुरी खाली ठेवायची, सगळ्यांना दूर करायचं आणि फोन करायचा. तिसरं, कलेजीवर आणि फुप्फुसावर पाण्याचे फुगे आहेत का.

या फुग्यांपाशी थोडं थांबायला हवं, कारण घरच्या कापणीतला सगळ्यात मोठा धोका मटणात नसून तिथे घुटमळणाऱ्या कुत्र्यात असतो. लिंबाएवढा, पांढुरक्या पडद्याचा, आत स्वच्छ पाणी असलेला फुगा ही एका फीतकृमीची पिशवी असते. शिजवून खाणाऱ्याला तिने काही होत नाही. पण बिघडलेलं फुप्फुस कुणी खात नाही. 'हाड् हाड्' करत ते कुत्र्याला टाकलं जातं. कुत्र्याच्या आतड्यात त्यातून शेकडो कृमी तयार होतात, विष्ठेतून अंडी पडतात, ती गवताबरोबर शेळीच्या आणि हाताला लागून पोरांच्या पोटात जातात. माणसाच्या यकृतात मग तोच फुगा वर्षानुवर्षं वाढतो आणि शेवटी शस्त्रक्रियेने काढावा लागतो. मेंढीचा भेजा कुत्र्याने खाल्ला की तसल्याच दुसऱ्या कृमीमुळे पुढे कळपातलं मेंढरू मान वाकडी करून एकाच बाजूला गरागरा फिरायला लागतं. ही दोन्ही चक्रं मोडायला कत्तलखाना लागत नाही. कच्चा अवयव कुत्र्याला द्यायचा नाही, एवढं पुरतं. द्यायचाच असेल तर अर्धा तास खळखळून उकळून. आणि गावातल्या पाळीव कुत्र्यांना प्राझिक्वांटेल ही जंताची गोळी.

डुकराचं प्रकरण वेगळं आहे आणि त्याला ही सवलत सरसकट देऊ नये. गोव्यात लग्नाला, फेस्ताला घरचं डुक्कर मारून वाडीत वाटण्याची चाल जुनी आहे आणि बंदिस्त पाळलेल्या डुकराबद्दल हरकत घ्यायचं कारण नाही. मोकाट फिरणाऱ्या, माणसाची विष्ठा खाणाऱ्या डुकराच्या मांसात मात्र साबुदाण्यासारखे दाणे सापडतात. ते अर्धवट शिजून पोटात गेले तर माणसाला फीतकृमी होतो, आणि त्याची अंडी पोटात गेली तर तेच दाणे मेंदूत धरून फिट्स येतात. जीभ ओढून खालची बाजू चाचपली तर पुष्कळदा ते हाताला लागतात. न लागले म्हणून नाहीत असं मात्र नव्हे. डुकराला बंदिस्त पालनाची आणि डॉक्टरने पाहण्याची अट हवीच.

वाटप झाल्यावरचं थोडक्यात. मटण पाच-सहा तासांच्या आत चुलीवर जावं. हळद-मीठ लावल्याने चव येते, पण चाळीस अंशांच्या उन्हात मटण त्याने टिकत नाही. आणि ताजं, अजून कोमट मटण लगेच बर्फात घालू नये. स्नायू आकसतात आणि मग कुकरच्या आठ शिट्ट्यांनीही ते चिवटच राहतं. शहरातल्या मुलाला डब्यातून पाठवायचं असेल तर शिजवून पाठवावं.

आक्षेप दोन मोठे. एक, ढाबेवाले याचा फायदा घेतील. 'गावरान मटण' अशी पाटी लावून रोज मागच्या अंगणात कापतील. घेतीलच. म्हणून सवलत यादीला बांधलेली हवी. एका दिवसाला एका ठिकाणी दोनच जनावरं, कापण्याआधी लिहिलेली वाटेकऱ्यांची नावं, वाटा घेणाऱ्याने तो पुढे विकायचा नाही, हॉटेल-खानावळीचं नाव यादीत नाही. वही महिनाभर जपून ठेवायची. ती वही आजही असतेच, तिला फक्त अर्थ द्यायचा. दोन, क्रूरता. छळ रोखणाऱ्या १९६० च्या मूळ कायद्यानेच अन्नासाठी कापायला मुभा दिली आहे, विनाकारण वेदना होऊ नयेत या अटीवर. ही अट जागेने पाळली जात नाही, हाताने पाळली जाते. बलुतेदारीत हे काम मुलाण्याकडे होतं आणि त्याचा हात बसलेला असायचा. आता बऱ्याच ठिकाणी यूट्यूब बघून पोरं सुरी धरतात, बोथट सुरी तीनदा फिरवतात, आणि दुसरं जनावर शेजारीच बांधलेलं असतं. म्हणून नोंदणी जागेची न करता माणसाची करावी. खाटीक असो, मुलाणी असो किंवा शिकलेला कुणीही, तीन दिवसांचं प्रशिक्षण, वर्षाला तेच शंभर रुपये आणि खिशात ओळखपत्र. तो मोटारसायकलवर सुरी-सत्तूर घेऊन जिथे जाईल तिथे नोंदणी त्याच्याबरोबर जाईल. आज त्याच्याकडे कसलाच कागद नाही, त्यामुळे हप्ता द्यायला तो सगळ्यात सोपा माणूस असतो.

हे सगळं शहराला लागू करू नये. २०१९ च्या बकरी ईदच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाने फ्लॅटच्या आत कुर्बानीला मनाई केली, ते बरोबरच होतं. सहाव्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून रक्त सार्वजनिक गटारात जातं. तिथे खड्डा खणता येत नाही. कुर्बानीचं वाटप नातलगांत आणि गरिबांत होतं, हेतू वाट्यासारखाच. पण तिथे महापालिकेने जवळपास पुरेशा जागा करून देणं हाच मार्ग आहे, आणि त्या ऐन सणाच्या आठवड्यात शोधत बसू नयेत.

गावात खड्डा खणता येतो, आणि तोच खणला जात नाही. तीस किलोच्या बोकडाचं रक्त सव्वा लिटरच्या आसपास. कुठे त्याची रक्ती करतात, बाकी ठिकाणी ते मातीत जिरतं. पण कोथळ्यातला लगदा, खराब अवयव आणि हल्ली कातडंही, कारण पूर्वी मजुरीत मोजलं जाणारं कातडं आता न्यायला फारसं कुणी येत नाही, हे सगळं ओढ्याच्या काठाला जातं. ग्रामपंचायतीने विहिरीपासून शंभर फूट लांब, गायरानाच्या कडेला एक जागा ठरवून द्यावी. चार फूट खोल खड्डा, टाकल्यावर वर किमान दोन फूट माती, त्यावर बाभळीच्या काट्या आणि काट्यांवर दगड. तो आदल्या संध्याकाळी, चारा बंद करतानाच खणून ठेवायचा. सकाळी मटण घरी गेल्यावर कुदळ हातात घ्यायला कुणी थांबत नाही आणि कुत्री मात्र पहाटेपासून थांबलेली असतात.